‘पहिला’ म्हणजे नेमका कितवा? सार्जंट विल्यम कार्नी यांच्या पदकाची पार्श्वभूमी

अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक, ‘मेडल ऑफ ऑनर’, विल्यम कार्नी यांना मंजूर झालं २३ मे १९०० रोजी. पराक्रम मात्र अमेरिकेच्या गृहयुद्धातला, १८ जुलै १८६३ चा. मधल्या काळात त्यांनी साठी गाठली होती. पदक मिळालं तेव्हाही ते मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डमध्ये टपाल वाटत होते.

जन्म १८४० चा, व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा, गुलामीतला. पुढे ते मॅसॅच्युसेट्समध्ये आले. धर्मोपदेशक होण्याचा विचार होता, पण १८६३ मध्ये उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीयांची ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण उभी राहू लागली आणि त्यांनी नाव नोंदवलं.

दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या ताब्यातल्या, चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरच्या हल्ल्यात झेंडा धरणारा सैनिक कोसळला. कार्नींनी बंदूक टाकली, झेंडा उचलला आणि वाळूच्या तटापर्यंत नेला. आजूबाजूला सगळे पडलेले. माघारी फिरताना त्यांनी झेंडा काठीभोवती गुंडाळला आणि पाणी भरलेल्या खंदकातून ते निघाले. अंगात गोळ्या शिरल्या होत्या. वाटेत दुसऱ्या पलटणीचा सैनिक भेटला, ‘झेंडा मी घेतो’ म्हणाला. कार्नींनी दिला नाही. ५४व्या पलटणीचा झेंडा त्याच पलटणीच्या माणसाने न्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या रात्री पलटणीच्या सुमारे सहाशेंपैकी अडीचशेहून जास्त जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पलटणीचा प्रमुख, कर्नलही गेला.

आता ‘पहिला’ या शब्दाचा घोळ. कार्नी हे पदक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, असं सर्रास छापलं जातं. तसं नाही. ‘मार्बलहेड’ या युद्धनौकेवरच्या एका कृष्णवर्णीय खलाशाला डिसेंबर १८६३ च्या कामगिरीबद्दल १८६४ मध्येच पदक मिळालं होतं. व्हर्जिनियातल्या न्यू मार्केट हाइट्सला सप्टेंबर १८६४ मध्ये लढलेल्या चौदा कृष्णवर्णीय सैनिकांपैकी बहुतेकांना ते पुढच्याच एप्रिलात मिळालं. पदक मिळालेल्या कृष्णवर्णीयांच्या कामगिऱ्यांमध्ये कार्नींची तारीख सर्वांत आधीची, इतकंच खरं. हा फरक शब्दांचा खेळ नाही. ‘पहिला’ म्हटलं की सन्मान लगेच झाला असं वाटतं आणि सदतीस वर्षांची वाट पाहणं झाकलं जातं.

उशीर एकट्या त्यांच्याच वाट्याला आला असंही नाही. १८९० च्या दशकात कितीतरी गोऱ्या माजी सैनिकांनाही जुन्या लढायांसाठी पदकं मिळाली. तरी माझ्या मते वर्णभेद बाजूला ठेवून हा उशीर समजत नाही. याच पलटणीला भरतीच्या वेळी महिना १३ डॉलर कबूल केले होते. प्रत्यक्षात देऊ केले १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे. गोऱ्या सैनिकाला पूर्ण १३. ५४व्या पलटणीने वर्षभराहून जास्त काळ पगारच घेतला नाही. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस जखमांमुळे कार्नी सैन्यातून बाहेर पडले.

१८९७ मध्ये बॉस्टनला पलटणीच्या कर्नलचं स्मारक उघडलं, तेव्हा कार्नी झेंडा घेऊन उभे राहिले आणि लोक उठून उभे राहिले. टपालखात्यातल्या बत्तीस वर्षांनंतर ते बॉस्टनच्या राज्य सरकारी इमारतीत निरोप्या म्हणून काम करू लागले. पलटणीचे झेंडे तिथेच जपलेले होते. १९०८ मध्ये त्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये पाय चिरडून ते जखमी झाले आणि ९ डिसेंबरला गेले. त्या निरोप्यासाठी इमारतीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता.