नुसतं ‘मोतीबिंदू’ लिहून का भागत नाही: कोडिंगची पार्श्वभूमी

चार्टवर फक्त ‘मोतीबिंदू’ लिहिलेलं असेल, तर अमेरिकेतल्या कोडरला, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीवरून आजाराचा आणि उपचाराचा कोड लावणाऱ्याला, एच२६.९ हा कोड लावावा लागतो. त्याचा अर्थ, मोतीबिंदू आहे, पण कोणता ते माहीत नाही. रुग्ण ७४ वर्षांचा आहे हे कोडरला समोर दिसत असतं. मोतीबिंदू वयामुळेच झाला असणार, असं त्याला वाटतही असतं. पण अंदाजाने कोड लावायची मुभा त्याला नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच खरं. ही शिस्त अनेक डॉक्टरांना जाचक वाटते. मोतीबिंदूचे कोड कसे घडत गेले हे पाहिलं, की तिची कारणं कळतात.

हे कोड ज्यातून येतात त्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचं, म्हणजे आयसीडीचं, मूळ मृत्यूंच्या मोजणीत आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी १८९३ साली शिकागोत मांडलेली यादी मृत्यूच्या कारणांची होती. मोतीबिंदूने माणूस दगावत नाही, त्यामुळे अशा यादीत त्याचा तपशील ठेवायचं कुणाला कारण नव्हतं. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा मृत्यूंबरोबर आजारपणही मोजायचं ठरलं. तरी डोळ्यांना स्वतःचं प्रकरण मिळायला बराच काळ गेला. नवव्या आवृत्तीपर्यंत ते मज्जासंस्थेच्या आजारांसोबतच राहिले. दहावीत मात्र एच०० ते एच५९ एवढी स्वतंत्र जागा त्यांना मिळाली.

नवव्या आवृत्तीचं अमेरिकी रूप १९७९ पासून वापरात आलं. त्यात मोतीबिंदूचा क्रमांक ३६६. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदू ३६६.१६, आणि पूर्ण पिकलेला ३६६.१७. पिकलेल्याला वेगळा कोड असणं त्या काळाला धरून होतं. तेव्हापर्यंतची रूढ शस्त्रक्रिया म्हणजे मोठा छेद घेऊन भिंग त्याच्या आवरणासकट बाहेर काढणं. नंतर काही दिवस अंथरुणाला खिळून राहायचं आणि जन्मभर जाड भिंगांचा चष्मा. एवढं सोसायचं तर मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं होतं. म्हणून नोंदीतही महत्त्वाचा प्रश्न एकच असायचा: पिकला का?

हा प्रश्न मागे पडला तो दोन माणसांमुळे. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो लहान छेदातून ओढून घेण्याची पद्धत आणली. दोन्ही कल्पनांना आधी कडाडून विरोध झाला, पण पुढे त्याच सर्वमान्य झाल्या. शस्त्रक्रिया काही मिनिटांवर आली, रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला आणि पिकायची वाट पाहण्यात अर्थ उरला नाही. दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, पिकलेल्या मोतीबिंदूला स्वतंत्र कोड नाही. अतिपक्व अवस्थेचा मात्र आहे, एच२५.२. त्या अवस्थेत भिंगाचा बाहेरचा थर द्रवरूप होतो आणि कठीण गाभा खाली बसतो. तिला अठराव्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांचं नाव आहे.

शस्त्रक्रिया सोपी झाली, तसे पैसे देणारेही विचारू लागले: मग आत्ताच का करायची? अमेरिकेत हा प्रश्न विशेष टोकदार होता. मोतीबिंदू मुख्यतः उतारवयातला आणि ६५ वर्षांवरच्यांचा खर्च उचलणारी योजना मेडिकेअर. बिलासाठी लागणारे उपचारांचे कोड, म्हणजे सीपीटी, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम छापले. आज नेहमीच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा कोड ६६९८४ आहे. ती शस्त्रक्रिया कशासाठी केली, हे मात्र नोंदीतूनच सिद्ध व्हावं लागतं. १९९३ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने प्रौढांच्या मोतीबिंदूसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. भिंग किती गढूळ झालं यापेक्षा माणसाचं काय अडतं, यावर त्यांचा भर होता. पुढच्याच वर्षी व्हीएफ-१४ ही १४ कामांची प्रश्नावली आली: बारीक अक्षर वाचणं, पायऱ्या दिसणं, रात्री गाडी चालवणं. माझ्या मते या विषयातला सर्वांत चांगला बदल हाच. ‘दृष्टी ६/१८’ या आकड्यातून समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि म्हणून गाडी सोडून दिली, हे कळत नाही. रुग्णाचं हे म्हणणं नोंदीत नसेल तर क्लेम अडू शकतो, आणि ते लिहायला दोन ओळी पुरतात.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम हे दहाव्या आवृत्तीचं आपलं रूप वापरायला घेतलं आणि डावा-उजवा डोळा थेट निदानाच्या कोडात आला. गाभ्याचा, वयोमानाने होणारा मोतीबिंदू उजव्या डोळ्यात असेल तर एच२५.११, डाव्यात एच२५.१२, दोन्हींत एच२५.१३. समजा, दोन्ही डोळ्यांत आहे आणि आधी उजव्याची शस्त्रक्रिया होणार आहे. त्या दिवशीचं निदान एच२५.१३ च, कारण तेव्हा आजार दोन्हीकडे आहे; उजवी बाजू सीपीटीच्या मॉडिफायरने, म्हणजे कोडाला जोडायच्या खुणेने, दाखवायची. काही आठवड्यांनी डाव्याची पाळी येते तेव्हा निदान एच२५.१२. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीच्या ९० दिवसांच्या देखभालीच्या मुदतीत होत असेल तर ७९ हा मॉडिफायरही लागतो, नाहीतर ती पहिल्याच उपचाराचा भाग समजली जाऊ शकते. नोंदीत डोळ्याची बाजू लिहायची राहिली, तर ही सगळी साखळी तुटते.

मधुमेहाच्या बाबतीत नियम उलट दिशेने चालतो. रुग्णाला मधुमेह आणि मोतीबिंदू दोन्ही असतील, तर डॉक्टरांनी संबंध जोडला नसला तरी तो आहे असं धरलं जातं आणि टाइप २ साठी ई११.३६ लागतो. ८० वर्षांच्या माणसाचा मोतीबिंदू निव्वळ वयाचा आहे, मधुमेहाचा नाही, असं डॉक्टरांचं मत असेल तर त्यांनी ते स्पष्ट लिहायला हवं. इथे गप्प राहणंही एक विधान ठरतं.

गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेचा ६६९८२ हा कोडही असाच नोंदीवर उभा आहे. नुसतं ‘अवघड केस’ लिहून तो मिळत नाही. बाहुली मोठी होत नव्हती म्हणून आयरिस हुक (बाहुली ताणून धरणारे बारीक आकडे) लावले, असं ऑपरेशनच्या टिपणात कारणासह असावं लागतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बुब्बुळं शस्त्रक्रियेत लुळी पडतात, हे २००५ मध्ये पुढे आलं. तेव्हापासून रुग्णाच्या औषधांची यादी नेत्रतज्ज्ञांच्या नोंदीत फार मोलाची झाली आहे.

१ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर आयसीडी-११ लागू झालं. त्यात मोतीबिंदू ९बी१० खाली आहे, आणि डावा-उजवा डोळा जोडकोडाने दाखवता येतो. कोडाची रचना बदलली, तरी डोळा कोणता आणि मोतीबिंदू कोणत्या प्रकारचा, हे स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) पाहणाऱ्यालाच लिहावं लागतं.