तोंड पाण्यात, श्वास रोखलेला

‘राग आला की तोंडावर गार पाणी मार’ हा सल्ला बहुतेकांनी करून पाहिलेला असतो, आणि बहुतेकांच्या मते त्याने काही होत नाही. नुसतं शिंपडून नाहीच होत. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, या मानसोपचार पद्धतीत हाच उपाय मापून शिकवतात.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत वारंवार स्वतःच्याच जिवावर उठणाऱ्या रुग्णांसाठी बेतली. पहिली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. सजगता, कळ सोसणं, भावनांचं नियमन आणि नात्यांतलं बोलणं ही चार कौशल्यं दर आठवड्याच्या वर्गात, गृहपाठासकट शिकवतात. पाणी ‘कळ सोसण्या’तलं.

पसरट भांड्यात दहा ते पंधरा अंशांचं पाणी घ्यायचं. मे महिन्यात टाकीचं पाणी कामाचं नाही, बर्फाचे खडे टाकावे लागतात. वाकून, श्वास रोखून, कपाळ आणि डोळे बुडतील असा चेहरा तीसेक सेकंद पाण्यात.

कपाळ आणि डोळ्यांभोवतीच्या त्वचेतली थंडी ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या चेतेच्या वरच्या शाखेतून मस्तिष्कस्तंभात पोचते. तिथल्या न्यूक्लियस अँबिग्युअसमधल्या पेशी व्हेगस चेतेतून हृदयाचा ठोका ठरवणाऱ्या एसए नोडवर ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडवतात आणि नाडी मंदावते. पाण्यात बुडी मारणाऱ्या सीलमध्येही हीच प्रतिक्षिप्त क्रिया असते. आता गंमत श्वासाची. श्वास आत घेताना या पेशींवर दर वेळी झाकण पडतं. श्वास चालू ठेवून तोंड बुडवलं तर झाकण उघडमीट करत राहतं, परिणाम अर्धामुर्धा. रोखला की झाकण उघडंच. उच्छ्वास लांबवून मिनिटाला पाच-सहा श्वास घेण्याचं डीबीटीतलं दुसरं कौशल्य याच झाकणावर चालतं. रील्सवर मानेला बर्फ चोळून ‘व्हेगस रीसेट’ करतात. ट्रायजेमिनलची ती शाखा मानेत जातच नाही, आणि रीसेट तर काहीच होत नाही.

त्याच वेळी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढू शकतो. हृदयविकार, मुळातच मंद नाडी, ॲनोरेक्सिया असेल किंवा नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

परिणाम टिकतो काही मिनिटंच. हात पुसून लगेच तोच वाद उकरला की भावना पूर्ववत चढते. म्हणून टॉवेल हातात असतानाच पुढचं कौशल्य ठरलेलं लागतं: निदान टाइप केलेला मेसेज न पाठवता फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं.