एपॉप्टिस
एपॉप्टिस : शाळेच्या संगणक कक्षातील सर्व यंत्रे शिक्षकाला एका पडद्यावरून पाहता व हाताळता यावीत, यासाठी ग्रीसमध्ये तयार झालेली मुक्त स्रोत प्रणाली. ती लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालते व जीपीएल 3 या परवान्याखाली विनामूल्य मिळते. अल्किस जॉर्जोपुलोस आणि फोटिस त्सामिस हे तिचे मूळ कर्ते. तिचा आरंभ साधारणपणे 2010 च्या सुमारास धरतात.

नावाच्या अर्थाविषयी दोन दिशांनी विचार करता येतो. ‘एपी’ म्हणजे वर, आणि ‘ऑप्’ हा पाहण्याचा धातू. दोन्ही मिळून ‘वरून पाहणारा’. प्राचीन ग्रीसमध्ये एल्यूसिस या तीर्थस्थानी होणाऱ्या गूढविधींत पहिली दीक्षा घेऊन नंतर अंतिम दर्शनासाठी परत येणाऱ्याला हा शब्द लावत. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या लेखनावरून या दोन पायऱ्यांमध्ये निदान वर्षाचे अंतर असावे असे दिसते. मात्र दुसरी पायरी म्हणजे वेगळा विधी होता, की त्याच सोहळ्यातला वरचा दर्जा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. या अंगाने नावाला ‘द्रष्टा’ अशी छटा येते. दुसरीकडे, मेगॅलोपोलिस या ग्रीक नगरातील पोसायडन एपॉप्टिसच्या (पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव) देवळाचा उल्लेख पॉसेनियस हा प्राचीन प्रवासवर्णनकार करतो. तेथे ‘लक्ष ठेवणारा’ हाच अर्थ सरळ लागतो. आजच्या ग्रीकमध्येही हा साधा व्यवहारातला शब्द आहे, फुटबॉलच्या रेषापंचालासुद्धा तो वापरतात. खुद्द कर्त्यांनी दिलेला अर्थ ‘पर्यवेक्षक’ असाच असल्याने गूढविधींशी जोडलेली व्युत्पत्ती आकर्षक असली, तरी या प्रणालीपुरती ती बाजूला ठेवणे बरे.

एपॉप्टिसची मुळे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टमध्ये, म्हणजे एलटीएसपीमध्ये आहेत. जिम मॅक्विलन यांनी अमेरिकेत 1999 च्या सुमारास सुरू केलेल्या त्या प्रकल्पामुळे हार्ड डिस्क नसलेली जुनी यंत्रेही नेटवर्कवरून सुरू करून वर्गात वापरता येऊ लागली. सगळे काम एकाच सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती यंत्रावर चाले, त्यामुळे कोण काय करतो आहे हे तेथूनच कळे. पुढे प्रत्येक यंत्र स्वतःच्या प्रोसेसरवर काम करू लागले, सर्व्हरकडून फक्त लिनक्सची तयार प्रत (डिस्क-प्रतिमा) घेऊ लागले, आणि देखरेखीसाठी वेगळे साधन लागले. एलटीएसपीची 2019 मधील नवी मांडणीही जॉर्जोपुलोस यांचीच. एपॉप्टिस मात्र एलटीएसपीला बांधलेली नाही. स्वतंत्रपणे लिनक्स बसवलेल्या यंत्रांवरही ती तितकीच चालते.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. जर्मनीत विकसित झालेल्या आयटाल्क व तिचाच पुढचा अवतार असलेल्या व्हेयॉन (2017 पासूनचे नाव) या प्रणालींत शिक्षकाचे यंत्र विद्यार्थ्याच्या यंत्राकडे जाते. व्हेयॉनसाठी प्रत्येक विद्यार्थी-यंत्रावर 11100 हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील जोडणीचे क्रमांकित दार, उघडे लागते. एपॉप्टिसमध्ये उलट आहे. विद्यार्थ्याचे यंत्र स्वतःहून सर्व्हरच्या 789 या पोर्टला जोडणी करते, आपली ओळख सांगते आणि आज्ञेची वाट पाहत थांबते. सर्व्हरची बाजू पायथन भाषेत, ट्विस्टेड या संचावर लिहिलेली आहे. क्लायंटची, म्हणजे विद्यार्थ्याच्या यंत्राची बाजू मात्र मुख्यतः साधी शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञांची यादी) असून ती सॉकॅट या छोट्या साधनातून सर्व्हरशी बोलते. जोडणी दोनदा होते. एक रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, यंत्र सुरू होतानाच. दुसरी मूल लॉगिन करते तेव्हा, त्याच्या सत्रातून. म्हणून कोणी लॉगिन केलेले नसले तरी यंत्र यादीत दिसते व बंद करता येते. पडद्याचे लघुचित्र मात्र लॉगिननंतरच येते.

सर्व्हरकडून आलेला मजकूर क्लायंटवर आज्ञा म्हणून जसाच्या तसा चालतो, त्यातही एका जोडणीवर रूटच्या अधिकाराने. त्यामुळे सगळी सुरक्षितता ‘समोरचा सर्व्हर खरा आहे का’ या एका प्रश्नावर येऊन ठरते. त्याचे उत्तर प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल देते. ते सर्व्हरवर आपोआप तयार होते आणि प्रत्येक क्लायंटने एकदा आणून ठेवायचे असते. सर्व्हर नव्याने बसवला की जुने प्रमाणपत्र जुळत नाही, यंत्रे यादीतून नाहीशी होतात, आणि शिक्षकाला वाटते की नेटवर्क बिघडले. प्रमाणपत्राची फाइल रिकामी ठेवली तर जोडणी सांकेतिकरणाविना होते. वेग वाढतो म्हणून तसे करण्याचा मोह होतो, पण मुलांच्या यंत्रांचा पूर्ण ताबा ज्या वाटेने जातो ती वाट उघडी ठेवू नये. शिक्षकाचे खातेही ‘एपॉप्टिस’ या गटात घालावे लागते. ते न केल्यास खिडकी उघडत नाही. पहिल्या दिवशी हमखास राहून जाणारी हीच गोष्ट.

वर्गातील वापर नेहमीचाच : दर काही सेकंदांनी बदलणारी लघुचित्रे, शिक्षकाचा पडदा सर्वांना दाखवणे, संदेश, आवाज बंद करणे, एकत्र शटडाउन. पडदा कुलूपबंद केला की मुलाच्या हातातील कळफलक व माउस निरुपयोगी होतात. बोलताना लक्ष वेधायला हे पुरते. मुलांना आपला पडदा दिसतो हे आधी सांगितलेले असावे.

पडदा पाहण्यासाठी एक्स११व्हीएनसी हे साधन वापरले जाते व ते पडद्यावर चित्र उमटवण्याच्या लिनक्सच्या जुन्या, एक्स नावाच्या पद्धतीवरच चालते. अनेक लिनक्स आवृत्त्यांनी वेलँड ही नवी पद्धत मूळ म्हणून स्वीकारल्यापासून तेथे पडदा काळा दिसतो किंवा दिसतच नाही. तूर्त उपाय म्हणजे जेथे एक्सचे सत्र उपलब्ध असेल तेथे लॉगिनच्या पानावर ते निवडणे, किंवा कक्षापुरते वेलँड बंद ठेवणे.