अरण्यध्वनिमुद्रण

पर्जन्यवनातील पक्षी, बेडूक, कीटक, वारा आणि पाणी यांचे आवाज जागेवर मुद्रित करून ते श्राव्य कलाकृती म्हणून सादर करण्याची पद्धत. जीवशास्त्रीय नोंदीसाठी एखाद्या प्रजातीचा आवाज वेगळा काढला जातो. येथे मात्र सारे रान एकाच वेळी ऐकले जाते.

भोवतालचे सर्व आवाज मिळून एक ध्वनिपरिसर होतो, हा विचार कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७० च्या दशकात रुजवला. अमेरिकेचे निसर्गध्वनिमुद्रक बर्नी क्रॉस यांच्या मते निकोप जंगलात प्रत्येक प्रजाती आपला आवाज निराळ्या पट्टीत किंवा निराळ्या वेळी लावते. स्पेनचे ध्वनिकलाकार फ्रान्सिस्को लोपेझ यांनी कोस्टारिकाच्या पर्जन्यवनात ध्वनिमुद्रण केले; आवाज कोणाचा हे विसरून केवळ आवाज ऐकावा, असा त्यांचा आग्रह आहे.

गोव्यात या कलेला पोषक असे सदाहरित रानाचे पट्टे सह्याद्रीच्या उतारांवर, म्हादई, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव या संरक्षित क्षेत्रांत आहेत. येथील खरा हंगाम पावसाळ्याचा, आणि तोच सर्वांत कठीण. मुसळधार सरीचा आवाज उंच-नीच सर्व स्वरपट्ट्यांवर पसरत असल्याने तिच्याखाली जवळचा बेडूकही बुडून जातो; शिवाय दमट हवेने मायक्रोफोनमध्ये खरखर येते. म्हणून जाणकार सर ओसरण्याची वाट पाहतात. पाऊस थांबला तरी झाडे बराच वेळ गळत राहतात: भेरली माडाच्या झावळीवरून निसटलेला थेंब पाचोळ्यावर टपकन वाजतो, तोच साचलेल्या पाण्यात पडला तर खोल उमटतो, आणि या गळतीतून बेडूक एकेक करून पुन्हा सूर धरतात. शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ मात्र ओढ्याच्या खळाळातही ऐकू येते, कारण ती जवळजवळ एकाच शुद्ध सुराची असते.

मायक्रोफोन कोठे ठेवावा, हाच रचनाकाराचा मुख्य निर्णय. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराच्या राईत, रानटी जायफळाच्या दलदलीत, तो गुडघ्यासारख्या वर आलेल्या मुळांपाशी ठेवला तर पाणी आणि बेडूक पुढे येतात. उंचावर बांधला तर धनेशाच्या पंखांचा फडफडाटही स्पष्ट मिळतो. ध्वनिफीत वाजवून पक्ष्यांना बोलते करणे विणीच्या काळात त्यांना त्रासदायक ठरते, ते टाळावे.

दूधसागरच्या परिसरात घाट चढणाऱ्या रेल्वे इंजिनाची घरघर दूरवर पोहोचते. अनेकजण ती संपादनात काढून टाकतात. ती राहू देणेच उचित होय, कारण त्या रानातले पक्षीही तीच घरघर ऐकत गात असतात.