शाळेतली हरित सेना

हरित सेना म्हणजे शाळेतल्या मुलांचं पर्यावरण मंडळ. बऱ्याच शाळांत त्याला इको क्लबच म्हणतात. साधारण ३० ते ५० मुलं, एक प्रभारी शिक्षक (बहुतेकदा विज्ञानाचे किंवा भूगोलाचे सर नाहीतर मॅडम) आणि कामाची जागा म्हणजे शाळेचं आवार, फार तर शाळेपर्यंतचा रस्ता. झाडं लावणं आणि जगवणं, पाणी वाचवणं, कचरा वेगळा करणं, परसबाग ही नेहमीची कामं.

नावाचा घोळ आधी सोडवायला हवा कारण महाराष्ट्रात ‘हरित सेना’ दोन आहेत आणि लोक सर्रास एकीचं श्रेय दुसरीला देतात. पहिली राष्ट्रीय हरित सेना, ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची योजना, २००१-०२ मध्ये सुरू झालेली, मुख्यतः शाळांसाठी, आणि आपल्याकडे ती सामाजिक वनीकरण विभागामार्फत शाळांपर्यंत पोचली. दुसरी महाराष्ट्र हरित सेना, ही राज्याच्या वन विभागाची, २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडं लावायचा जो संकल्प होता (४ कोटी, मग १३, मग ३३) त्याच्यासाठी १ कोटी स्वयंसेवक नोंदवायचे म्हणून उभी केलेली, आणि तिच्यात कुणीही नाव नोंदवू शकत होतं. या नोंदीत हरित सेना म्हणलं की पहिली धरायची.

उगमाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. सरकारी कागद बघितले तर सुरुवात २००१-०२, फार तर त्याआधीची १९८६ ची राष्ट्रीय पर्यावरण जागृती मोहीम. पण मुलांच्या हाताला झाडामातीचं काम द्यायची कल्पना त्याच्यापेक्षा खूप जुनी आहे. काहीजण ती शांतिनिकेतनच्या वृक्षारोपण उत्सवापर्यंत (१९२८) नेतात, काहीजण वनमहोत्सवापर्यंत. वनमहोत्सवाचं वर्ष सुद्धा दोन प्रकारे सांगितलं जातं, दिल्लीत सनदी अधिकारी एम. एस. रंधावा यांनी जुलै १९४७ मध्ये वृक्षारोपणाचा सप्ताह घेतला होता तो पहिला धरायचा, की केंद्रीय अन्नमंत्री असताना क. मा. मुन्शींनी १९५० मध्ये देशभर सुरू केला तो. प्रचलित वर्ष १९५० आहे आणि देशव्यापी उपक्रम म्हणून तेच धरणं बरं. मात्र शाळेपुरतं बोलायचं तर वर्ध्याचा धागा जास्त जवळचा वाटतो. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम (हाताच्या कामातून शिकवायची गांधीजींची पद्धत) पुढे आली आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, भाजीपाला, आवाराची आणि संडासांची सफाई हे सगळं शिक्षणाचाच भाग होतं, तासाच्या बाहेरचा उपक्रम नव्हता. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसेल पण काम तेच होतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१अ मध्ये निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य झालं. मग वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला पर्यावरण हा विषय शिकवायला सांगितला आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिला. आपल्याकडे प्राथमिकला परिसर अभ्यास आणि नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे.

पैसा पहिल्यापासून तुटपुंजा. राष्ट्रीय हरित सेनेत शाळेला वर्षाला सुरुवातीला १,००० रुपये मिळायचे, पुढे २,५०० आणि नंतर ५,००० झाले, आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या संख्येलाही मर्यादा होती. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा अभियान या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून युवा व इको क्लबसाठी वेगळं अनुदान आलं, त्यामुळे एकाच शाळेत त्याच मुलांचे दोन क्लब कागदावर दिसतात.

कामाचं बघायला गेलं तर झाडं लावणं सोपं, जगवणं अवघड. रोपं लागतात जुलैत, शाळेला सुट्टी मे महिन्यात, आणि रोप मरतं ते नेमकं त्या सुट्टीत. म्हणून रोप लावताना मे महिना डोक्यात ठेवावा लागतो. खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचा, दीड फूट लांब, रुंद आणि खोल असला तर उत्तम, रोपाची प्लास्टिक पिशवी पूर्ण काढायची (हे सांगावं लागतं, पिशवीसकट लावलेली रोपं खूप सापडतात), पिशवीत गोल फिरलेली मुळं हलक्या हाताने मोकळी करायची, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन द्यायचं. उन्हाळ्यासाठी बुंध्याजवळ मातीचं मडकं पुरायचं, तळाला बारीक भोक आणि त्यात कापसाची वात, मडकं भरून ठेवलं की काही दिवस ओल टिकते, मग शाळेजवळ राहणारी दोन-तीन मुलं आठवड्यातून दोनदा आली तरी भागतं. एका मुलाला एकच झाड नावाने दिलेलं असेल तर ते मूल सुट्टीतही येतं, आणि पन्नास झाडं सगळ्या शाळेची म्हणून ठेवली तर एकही कुणाचं नसतं. पाच जूनला (जागतिक पर्यावरण दिनाला) फोटो काढून शंभर रोपं लावणाऱ्या शाळेपेक्षा दहा झाडं तीन वर्षं सांभाळणारी शाळा कितीतरी पुढची, असं या कामात मुरलेले बरेच शिक्षक म्हणतात आणि ते पटतं.

झाडं कोणती हाही वादाचा मुद्दा आहे. सामाजिक वनीकरणाच्या सुरुवातीच्या काळात सुबाभूळ आणि गिरीपुष्प भरपूर लावलं गेलं कारण ते झटपट वाढतं. गुलमोहर तर शाळेच्या फाटकाशी ठरलेलाच, तो मूळचा मादागास्करचा. आता देशी झाडांकडे कल आहे, कडुलिंब, करंज, कांचन, बहावा, आणि जागा मोठी असेल तर वड-पिंपळ. पक्षी आणि किडे देशी झाडांवर जास्त येतात हे मुलं स्वतः मोजून बघू शकतात.

पाण्यात गणित चांगलं जमतं. गळक्या नळाखाली लिटरची बाटली ठेवायची, तासात भरली तर दिवसाला २४ लिटर गेले, आणि हा आकडा फळ्यावर लिहिला की नळ लवकर दुरुस्त होतो. छताचंही तसंच, १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे २०० चौरस मीटरच्या छतावर ६०० मिलिमीटर पावसात १,२०,००० लिटर, त्यातलं ८० टक्के हाताला लागलं तरी ९६,००० लिटर.

कचऱ्यात मुख्य अडचण पोषण आहाराच्या उरलेल्या खिचडीची. ती सरळ गांडूळ खताच्या टाकीत टाकू नये, मीठ आणि तेलाने गांडुळं मरतात. भाज्यांची देठं, सालं, पालापाचोळा, अर्धवट कुजलेलं शेण हे ठीक, साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं आणि तेच परसबागेत जातं. प्लास्टिक, ई-कचरा यांच्याबाबत शाळा गोळा करून नगरपालिकेला देण्यापलीकडे फारसं करू शकत नाही.

रोपवाटिकेचं वेळापत्रक मात्र शाळेला सोयीचं आहे. निंबोळ्या पिकून गळायला लागतात त्याच सुमाराला जूनमध्ये शाळा भरते, आणि कडुलिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांतच उगवायची ताकद गमावतं, त्यामुळे ते साठवून ठेवायचं नसतं. मुलांनी येताजाता वेचायच्या, गर धुवून सावलीत सुकवायच्या आणि त्याच आठवड्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावायच्या.