डिजियात्रा आणि फास्ट ट्रॅक इमिग्रेशन: बडोद्याहून परदेशी जाणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं अमेरिकेत-कॅनडात आहेत आणि त्यांच्याकडे जायचं विमान बहुतेकदा अहमदाबादहून. दांडियाबाजार, रावपुऱ्यातले आजी-आजोबा निघाले, की कुणीतरी हमखास सांगतं, "डिजियात्रा करून घ्या, इमिग्रेशनची रांग वाचेल." वाचत नाही.

डिजियात्रा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाली ती देशांतर्गत प्रवासासाठी. ॲपवर आधार आणि चेहरा नोंदवला, की टर्मिनलच्या दारात आणि सुरक्षा तपासणीकडे जाताना कॅमेरा तुम्हाला ओळखतो. पासपोर्टवरच्या शिक्क्याशी तिचा काही संबंध नाही.

इमिग्रेशनची रांग वाचवते गृह मंत्रालयाची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना. जून २०२४मध्ये ती दिल्लीत सुरू झाली, जानेवारी २०२५मध्ये अहमदाबादसह आणखी सात विमानतळांवर आली. अर्ज ऑनलाइन, फी नाही. पडताळणी झाल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे; ते विमानतळावरही देता येतात. मग जाताना आणि परत येताना ई-गेटवर बोर्डिंग पास व पासपोर्ट स्कॅन करायचा, ओळख पटली की दार उघडतं. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी नवा काढा, मगच अर्ज करा.

फुकट आहे, म्हणून करावीच असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरातल्या सगळ्यांची करा. एकाचीच केली, तर तो पलीकडे जाऊन बाकीच्यांची वाट बघत उभा राहणार. योजना भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) आहे. मुलाचा पासपोर्ट अमेरिकन झाला असेल आणि ओसीआय नसेल, तर त्याला साध्या रांगेतच उभं राहावं लागेल. शिवाय बॅगा देण्याची रांग आणि सुरक्षा तपासणी कुणालाच चुकत नाही, म्हणून बडोद्याहून निघायची वेळ पुढे ढकलू नका. एक्सप्रेसवेचा भरवसा धरून उशिरा निघणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

अमेरिकेत उतरल्यावरची रांग यातल्या कशानेच कमी होत नाही. त्यासाठी अमेरिकन सरकारची ग्लोबल एंट्री ही वेगळी योजना. भारतीयांना ती २०१७पासून खुली आहे. पाच वर्षांचे १२० डॉलर, वर मुलाखत, आणि अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. कामासाठी सतत ये-जा करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. वर्षा-दोन वर्षांतून नातवंडांना भेटायला जाणाऱ्यांनी मात्र त्यात पैसे घालावेत, असं मला वाटत नाही.