चीजची तार आणि वनस्पतींची अडचण

पनीरचा एक तुकडा आणि मोझरेलाची एक चकती गरम तव्यावर शेजारी शेजारी ठेवली, तर दोन-तीन मिनिटांत चकती पसरते, तिच्या कडांना बुडबुडे येतात आणि उलथन्याने उचलताना तिची तार निघते. पनीर मात्र खालून तांबूस होते, थोडे पाणी सोडते आणि शेवटपर्यंत आपला आकार सोडत नाही. दोन्ही पदार्थ दुधाचे, दोन्हींतील मुख्य प्रथिन एकच आणि मेदही तोच. दुधाशिवाय चीज करू पाहणाऱ्याने हा प्रयोग आधी करून पाहावा, कारण हाताशी दूध असूनही वितळणारे चीज आपोआप तयार होत नाही, हे त्यातून कळते.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिने केसीन या गटातली असतात. बहुतेक प्रथिनांची साखळी ठरावीक पद्धतीने गुंडाळलेली असते आणि तिची घडी पक्की असते. केसीनला अशी पक्की घडी जवळजवळ नसतेच. दुधात केसीनच्या या सैल साखळ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांनी एकमेकींना टाचलेल्या असतात आणि त्यांचे साधारण १०० ते २०० नॅनोमीटर व्यासाचे गोळे दुधात तरंगत असतात. गोळ्यांच्या पृष्ठभागावर कॅपा-केसीन या प्रकाराची लव असते आणि ती एका गोळ्याला दुसऱ्याशी चिकटू देत नाही. रेनेटमधील, म्हणजे चीजसाठी दूध साकळवणाऱ्या द्रव्यातील, कायमोसिन हे विकर ही लव नेमक्या एका ठिकाणी छाटते, मग गोळे एकमेकांना बिलगतात आणि मेद व पाणी धरून ठेवणारे जाळे तयार होते. हे जाळे तापवले की त्यातील बंध सैल होतात, साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि ते ओढले तरी तुटत नाही, लांबते. पनीरमध्ये लिंबाच्या आम्लाने कॅल्शियमचे बरेचसे टाके विरघळून गेलेले असतात, शिवाय दूध उकळताना निवळीतील (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातील) प्रथिने केसीनला चिकटून बसलेली असतात. त्यामुळे उष्णता दिल्यावर जाळे सुटण्याऐवजी आणखी आवळते.

चीजचे मर्म केसीनमध्ये आहे, हे खाद्य उद्योगाला फार पूर्वीच कळले होते. बाजारात ‘ॲनलॉग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त चीजमध्ये दुधाचा मेद काढून त्या जागी पामतेल घातलेले असते, पण केसीन तसेच ठेवलेले असते. चहा-कॉफीसाठी मिळणाऱ्या काही ‘नॉन-डेअरी’ पावडरींतही सोडियम केसिनेट हे केसीनचेच एक रूप सापडते. ज्यांना दूध खरोखरच टाळायचे आहे त्यांनी ॲनलॉग म्हणजे व्हीगन असे समजू नये. पाकिटामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. मेद बदलणे सोपे होते म्हणून तो बदलला गेला. केसीनला पर्याय सापडत नव्हता म्हणून ते राहिले.

वनस्पतींमध्ये प्रथिनांची वाण नाही. सोयाबीनमध्ये ती भरपूर आहेत आणि त्यांपासून टोफू करण्याची पद्धत चीनमध्ये शतकानुशतके चालत आली आहे. परंतु सोयाबीन, वाटाणा, हरभरा यांच्या बियांतील मुख्य प्रथिने ग्लोब्युलिन प्रकारची, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या चेंडूसारखी असतात. बीज रुजेपर्यंत अन्नाचा साठा कमी जागेत जपून ठेवणे हे त्यांचे निसर्गाने नेमलेले काम आहे. तापवल्यावर हे चेंडू उलगडतात, एकमेकांत कायमचे गुंततात आणि मग पुन्हा मोकळे होत नाहीत. अंडे उकडल्यावर जे होते, तसेच काहीसे इथे घडते, म्हणून टोफू तळता येतो, भाजता येतो, पण वितळवता येत नाही. चिनी स्वयंपाकात टोफूवर बुरशी वाढवून तो महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात मुरवतात. बुरशीची विकरे प्रथिनांचे तुकडे करतात आणि टोफू लोण्यासारखा मऊ व उग्र चवीचा होतो. पोळीला लावून खाण्याच्या चीजला याहून चांगला वनस्पतिजन्य पर्याय मला तरी माहीत नाही, आणि तो चीजची नक्कल म्हणून जन्मलेलाही नाही. तार मात्र त्यालाही निघत नाही.

प्रथिनांनी हात टेकले म्हणून कारखान्यांनी स्टार्चचा आधार घेतला. आज दुकानांत मिळणाऱ्या व्हीगन चीजच्या बहुतेक चकत्यांमध्ये पाणी, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च आणि खोबरेल तेल हे तीन घटक मुख्य असतात. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद, त्यामुळे या चीजचे निम्मे विज्ञान मराठी स्वयंपाकघराला उपवासाच्या निमित्ताने आधीपासूनच ठाऊक आहे. साबुदाणा जास्त भिजला, खिचडीवर झाकण ठेवून वाफ जास्त दिली आणि वर सारखी ढवळली, की दाणे मोकळे न राहता चिकट गोळा होतो. खिचडी करणाऱ्याच्या दृष्टीने ही फजिती असली, तरी चीज करणाऱ्याला हवी आहे ती हीच गोष्ट. टॅपिओकाच्या स्टार्चमध्ये ॲमिलोपेक्टिन या फांद्या फुटलेल्या रेणूचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असते. पाण्यात तापवल्यावर दाणे फुगून फुटतात, या फांद्या एकमेकींत अडकतात आणि मिश्रण लांब ओढले जाऊ लागते. ही तार डोळ्यांना पटते, पण जिभेला लगेच फरक कळतो. केसीनची तार चावताना तुटते आणि तिच्यात अडकलेला मेद तोंडात सुटतो. स्टार्चची तार दातांना चिकटते, आणि ओव्हनमध्ये जरा जास्त वेळ राहिली तर तिच्यावर साय धरल्यासारखी कातडी येते.

खोबरेल तेल निवडण्याचे कारणही घरात पाहता येते. थंडीत बाटलीतले तेल गोठते आणि पारा २४-२५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की पुन्हा पातळ होते. फ्रिजमध्ये घट्ट राहणारे, म्हणून किसता येणारे आणि तव्यावर चटकन विरघळणारे असे वनस्पतीचे तेल दुसरे सहज मिळत नाही. अडचण अशी की ते फारच थोड्या अंशांत वितळते. दुधाचा मेद टप्प्याटप्प्याने वितळतो, आणि त्यातला काही भाग ३५ अंशांच्या आसपासही घट्ट असतो. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात ओट्यावर काढून ठेवलेली खोबरेल तेलाच्या चीजची चकती थोड्याच वेळात तेल सोडू लागते, त्याचे कारण हे आहे. पोषणाचा हिशेब तर त्याहून वेगळा पडतो. १०० ग्रॅम चेडरमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. स्टार्च-खोबरेलाच्या चकतीत प्रथिने जेमतेम ग्रॅमभर किंवा अजिबातच नसतात, संपृक्त मेद मात्र भरपूर असतो, आणि कॅल्शियम बाहेरून मिसळले असेल तरच मिळते. ती चकती आवडीने खावी, पण चीजच्या जागी प्रथिनांचा स्रोत म्हणून खाऊ नये.

घरी करायचे असेल तर काजूपासून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोवा आणि कोकणात इतके रुजले की काजूगराची उसळ तिथे घरची झाली. काजूत १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिने, ४४ टक्क्यांच्या आसपास बहुतांशी असंपृक्त मेद आणि पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त स्टार्च असतो. बदाम-अक्रोडात स्टार्च फार कमी असतो. काजू मात्र वाटून तापवला की आपोआप दाट होतो, हे रस्सा करणाऱ्याला सांगायला नको. पाव वाटी काजू उकळत्या पाण्यात भिजवून, वाटीभर पाणी घालून अगदी गंधासारखे वाटावेत, त्यात साडेतीन मोठे चमचे टॅपिओकाचे पीठ, मीठ आणि थोडे लिंबू घालून मंद आचेवर सतत ढवळावे. सुरुवातीला गुठळ्या दिसतात आणि पदार्थ फसला असे वाटते, पण आणखी दोन-तीन मिनिटांत सगळे एकजीव होऊन पळीला लोंबणारा चकचकीत गोळा तयार होतो. सँडविच आणि पिझ्झासाठी तो पुरेसा आहे. सुरीने कापता येईल अशी वडी हवी असेल तर चायना ग्रास घालावे लागते. मात्र चायना ग्रास ४० अंशांखाली गोठते आणि पुन्हा पातळ व्हायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता मागते, त्यामुळे अशी वडी ताटात छान दिसते आणि टोस्टवर ढिम्म हलत नाही.

काजूचे मिश्रण आंबवायचे असेल तर एक खबरदारी घ्यावी. बाजारातला ‘कच्चा’ काजूगर निर्जंतुक नसतो. अमेरिकेत काजूच्या आंबवलेल्या चीजमधून साल्मोनेलाची लागण झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून काजू उकळत्या पाण्यातून काढावेत, विरजण भरवशाचे घ्यावे आणि मिश्रण स्पष्ट आंबट झाल्याशिवाय खाऊ नये.

चवीचे कोडे पोतापेक्षा अवघड आहे. मुरलेल्या चीजचा वास मुख्यतः दोन गोष्टींतून येतो: प्रथिने तुटून सुटलेली अमिनो आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये, आणि मेद तुटून सुटलेली छोटी मेदाम्ले. ग्लुटामेट या अमिनो आम्लाची रसदार चव न्यूट्रिशनल यीस्ट (खाण्यासाठी वाळवलेले निष्क्रिय यीस्ट), मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे जपानी वाटण) किंवा वाळवलेल्या अळंब्यांतून उसनी आणता येते, आणि लॅक्टिक आम्लाचा आंबटपणाही जिवाणू आणून देतात. मात्र ब्युटिरिक आम्ल हे दुधाच्या मेदाचे खास लेणे आहे. स्वयंपाकाच्या वनस्पती तेलांत ते जवळजवळ नसतेच. चीज मुरवणारी विकरे खोबरेल तेलावर सोडली, तर त्यातून प्रामुख्याने लॉरिक आम्ल सुटते आणि त्याची चव साबणाची असते. खवट झालेले खोबरे ज्याने चाखले आहे, त्याला हा प्रयोग करून बघण्याची गरज नाही.

प्रथिनाच्या बाजूने मात्र अलीकडे दोन वाटा उघडल्या आहेत. मक्यातील झीन हे प्रथिन पाण्यात विरघळत नाही, पण कोमट पाण्यात मऊ होऊन च्युइंगमसारखे ताणले जाते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात त्यापासून खरोखर ओढले जाणारे चीज तयार करण्यात आले आहे. दुसरी वाट म्हणजे केसीनच सूक्ष्मजीवांकडून बनवून घेणे. ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. पूर्वी वासराच्या जठरातून काढले जाणारे कायमोसिन सूक्ष्मजीवांत तयार करण्यास अमेरिकेने १९९० मध्येच मान्यता दिली, आणि आज जगभरातले कितीतरी नेहमीचे चीज त्याच विकराने साकळते. केसीनचे काम त्याहून किचकट आहे. त्याच्या साखळीवर नेमक्या जागी फॉस्फेटचे गट बसावे लागतात, तेव्हाच ती कॅल्शियम धरते. कॅपा-केसीनच्या लवेवर तर शर्करेचे रेणूही असतात. शिवाय विकर चिमूटभर लागते, केसीन टनांनी लागेल. तरीही काही कंपन्या आणि हौशी जीवशास्त्रज्ञांचे गट यावर काम करत आहेत.

असे चीज गाईशिवाय तयार होते, म्हणून प्राण्यांची काळजी वाटून दूध सोडणाऱ्याला ते चालावे. ज्याला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे त्याला मात्र ते अजिबात चालणार नाही, कारण प्रथिन तेच असते आणि शरीर ते कुठून आले हे विचारत नाही. सूक्ष्मजीवांनी बनवलेले निवळीतील प्रथिन घालून २०२० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या गेलेल्या आइस्क्रीमच्या डब्यांवर, पदार्थ प्राण्यांशिवाय तयार केल्याचे सांगणाऱ्या मजकुरासोबत ‘यात दुधाचे प्रथिन आहे’ अशी सूचनाही छापलेली होती.